दीड तारा आणि तांदळातला खडा

“तारे किती?” तातूंनी विचारलं.

“दीड.”

“कितीतले?”

“पाचातले.”

तातू रावूळ खानावळीच्या बाकड्यावर पाय वर घेऊन बसले होते. बशीतला चहा त्यांनी फुंकला, पण प्यायले नाहीत. “अर्धो तारो कसो दितत रे? दिऊचो तर पुरो, नाय तर नको. अर्धो राखून तेंका काय गावता?”

“छापतात तसा. अर्धा काळा, अर्धा पांढरा.”

“तुमी तारे मोजा,” आतून सुलोचनाकाकी म्हणाल्या. त्या विळीवर बांगडे साफ करत होत्या. “अवधूत, फुडे वाच.”

मुंबईचा पेपर आमच्या कुडाळात तेव्हा दुपारच्या गाडीने यायचा. त्यात माझ्या चित्रपटाचं परीक्षण आलं होतं. ते वाचायला स्टँडसमोरची काकींची खानावळ सोडून दुसरी जागा मला सुचली नाही, कारण तो चित्रपट निम्मा तिथेच शिजला होता. मी घसा साफ केला आणि वाचू लागलो.

“‘एक तारा चित्रपट पूर्ण केल्याबद्दल आणि अर्धा तो लवकर संपवल्याबद्दल. या भयपटाला प्रेक्षक हसतात आणि विनोद सुरू झाला की घाबरतात. कॅमेरा वरातीपुढे चालावा तसा चालतो. सर्वांत नैसर्गिक अभिनय पार्श्वभूमीवरच्या बेडकांचा आहे.’”

“बेडूक खरेच होते,” तातू म्हणाले.

“तेच म्हणतायत ते.”

कॅमेऱ्याबद्दल परीक्षण लिहिणाऱ्या उकिडव्यांचं चुकलं नव्हतं. मी लग्नांचं शूटिंग करायचो. लग्नसराई संपली की कॅमेरा घरात पडून असायचा आणि मी त्याच्याकडे बघत पडून असायचो. त्यातून ‘भाडेकरू जखीण’ निघाला. आंब्याच्या कॅनिंगचा एक बंद कारखाना, त्यात राहणारी एक जखीण, आणि तो कारखाना विकायला आलेले दोन दलाल. जखीण जागा सोडत नाही, तेव्हा दलाल शेवटी तिच्याशी भाडेकरार करतात. घाबरवणं आणि हसवणं दोन्ही एकाच खर्चात उरकायचा माझा बेत होता.

खर्च नव्हताच म्हणून प्रत्येकाने सगळं केलं. नायकाने दिवे धरले, टेम्पोचा ड्रायव्हर प्रेत झाला. सुलोचनाकाकींनी सगळ्यांना जेवू घातलं आणि जखिणीला नेसायला आपली दोन लुगडी दिली. त्यामुळे शेवटी नावं दाखवताना कुणी काय केलं ते लिहिण्यात अर्थ नव्हता. मी सगळ्यांची नावं एकाखाली एक सोडून दिली. आमच्याकडे लग्नपत्रिकेत ‘आपले नम्र’ म्हणून घालतात ना, तशी.

आणि जखीण होते तातू. चित्रपटात बाई एकच, ती तातूंनी केली, चेहराभर रंग फासून, कुणालाही ओळखू येऊ नये अशी. सदानंद रावूळ म्हणजे दशावतारातली एके काळची नावाजलेली स्त्रीपार्टी. द्रौपदी, तारामती, ज्या बाईला रडवायचं असेल ती तातूंकडे. त्यांना विचारायला गेलो तेव्हा त्यांनी पैशांचं काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, “सिनेमाचा पेपरात येता मां?”

“काय येतं?”

“कोणी कसा काम केल्यान, ता. आमचा नाटक रातभर चलता, फाटफटी संपता. लोक घराक जातत आणि न्हिजतत. माझो उभो जन्म गेलो, पण तातून कसा काम केल्यान ह्या कोणी खयच लिवक नाय. हँडबिलार नाव असता, ता सगळ्यांचाच असता. एकदा कोणीतरी माझ्या नावान लिवूचा, बरा तर बरा, वायट तर वायट. तेवढा झाला की मी येतंय.”

“येईल,” मी म्हणालो. तेव्हा मला आकाशसुद्धा द्यायला सोपं वाटत होतं.

पण लिहिणार कोण? मुंबईत खेळ लावायची आमची ऐपत नव्हती. आमच्याच गावच्या थिएटरात एक आठवडा मिळाला. आणि नशीब असं, की नावाजलेले समीक्षक प्रभाकर उकिडवे त्याच आठवड्यात कुलदैवताला आले, त्यांची परतीची एसटी बंद पडली, आणि दुसरी येईपर्यंत कुठे तरी पंख्याखाली बसायचं म्हणून ते आमच्या थिएटरात शिरले. तिकीटवाल्याने येऊन मला सांगितलं, तेव्हा मी मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो आणि पूर्ण खेळभर त्यांच्या टकलाकडे बघत राहिलो. टक्कल हललं नाही.

चित्रपटात एका जागी दलाल जखिणीला घालवायला गावातल्या एका म्हाताऱ्याकडून देवाला गाऱ्हाणं घालून घेतात. मला वाटलं होतं, लोक हसतील. म्हाताऱ्याने पडद्यावर “बा देवा म्हाराजा!” म्हटलं आणि अख्खं थिएटर एका आवाजात बोललं, “व्हय म्हाराजा!” हात जोडून. गाऱ्हाणं पडद्यावर असलं म्हणून काय झालं, देवाला होकार द्यायला नको? पुढे प्रत्येक ओळीला होकार. माझे चांगले चार विनोद त्यात वाहून गेले.

“‘ध्वनियोजना मात्र एका ठिकाणी लक्षणीय,’” मी पुढे वाचलं. “‘गाऱ्हाण्याच्या प्रसंगात समूहाचा घोष चारी बाजूंनी अंगावर येतो. इतक्या कमी पैशांत दिग्दर्शकाने हे कसं साधलं, हे आश्चर्यच.’”

थिएटरात स्पीकर एकच चालू होता.

“माझा खय आसा?” तातूंनी विचारलं. बशीतल्या चहावर साय धरली होती.

मी शेवटच्या परिच्छेदावर आलो आणि माझा आवाज आपोआप बदलला.

“‘या साऱ्या पसाऱ्यात एक गोष्ट अशी घडते की प्रेक्षक अंग आवरून बसतो. जखीण उंबऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडते. खडा सापडतो. तो टाकायला ती हात उचलते, हातातल्या खड्याकडे बघते, आणि तिचा हात तसाच राहतो. जेवणारं कुणी नाही, हे तिला आठवलेलं असतं. एवढंच. पण गेल्या कित्येक वर्षांत मराठी पडद्यावर मी इतकं खरं काही पाहिलं नाही. हे केवळ स्त्रीच करू शकते. पुरुषाच्या हाताला हे जमणार नाही, अभिनयाने तर नाहीच.’”

तातूंनी बशी खाली ठेवली.

“फुडे?”

पुढची ओळ मी आधी मनात वाचली, आणि मोठ्याने वाचायला नको असं वाटलं. पण तातू माझ्याकडे बघत होते.

“‘शेवटच्या यादीत स्त्रीचं नाव एकच आहे, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. सुलोचना परब, हे नाव लक्षात ठेवा.’”

आत विळीचा आवाज थांबला. काकी बाहेर आल्या. हाताला बांगड्याचे खवले चिकटलेले होते.

“कोणाक ठेवा लक्षात?”

“तुम्हाला.”

“मी जखीण?” काकी म्हणाल्या. “मेल्या, मी आमटी केलंय!”

मी उठलो. कोपऱ्यावर टेलिफोन बूथ होतं. पेपरच्या ऑफिसात फोन लावतो, खुलासा छापायला लावतो, असं काहीबाही बोलत मी चपला शोधू लागलो. तातू म्हणाले, “बस.”

“अहो, तुमचं नाव—”

“बस म्हणतंय तुका. आदी नावाच्या आदलो भाग परत वाच.”

मी वाचला. ‘हे केवळ स्त्रीच करू शकते’ इथे त्यांनी डोळे मिटले.

“आता ऐक,” ते म्हणाले. “तू फोन करतलस. तो मानूस बरो आसा, तो चूक सुधारतलो. पण काय लिवतलो? लिवतलो, ‘पुरुष असूनही बरा काम केल्यान.’ माका तो ‘असून’ नको. जल्मभर लोकांनी माका तोच दिल्यानी. बापयो असून काय दिसता, बापयो असून काय चलता. ह्या एका मानसान माका बापयो म्हणान बघूकच नाय. ता मी परत दितलंय?”

“पण नाव?”

तातूंनी बशीतल्या चहावरची साय बोटाने बाजूला केली. मला वाटतं, तेवढ्या वेळात त्यांनी एका हातात नाव आणि दुसऱ्या हातात ती ओळ धरून पाहिली.

“नाव ऱ्हवांदे,” ते म्हणाले. हे कुणाला सांगायचं नाही, अशी त्यांनी मला रवळनाथाची शपथ घातली आणि काकींनाही घातली; चित्रपटातल्या बाकीच्यांना मी घातली. काकींनी आपली शिव्या देत घेतली.

पुढचे दोन महिने काकींचे फार हाल झाले. महिला मंडळाने त्यांना शाल-नारळ दिला. मुंबईहून आलेले पर्यटक जेवायला बसले की भातापेक्षा त्यांच्याकडे जास्त बघायचे. एक गिऱ्हाईक तर त्यांनी वाढलेलं घ्यायलाच तयार होईना, जखिणीच्या हातचं नको म्हणाला. काकींनी त्याला पानावरून उठवलं. “मी कारखान्यात एक रात ऱ्हवाक नाय,” त्या मला म्हणायच्या, “आणि माका भूत करून ठेवल्यात!”

तातूंचे हाल कुणाला दिसत नव्हते. सिनेमात काम केलं म्हणून त्यांनी दशावताराच्या कंपनीत सांगितलं होतं. मालकाने पेपर आणून सगळ्यांसमोर विचारलं, तातू, ह्यात तर सुलोचना परब आहे, तू खय आसस? कंपनीतली तरुण मुलं हसली. म्हातारपणी तातू बाता मारायला लागले, असं ठरलं. त्या वर्षी त्यांना द्रौपदी मिळाली नाही, ऋषी मिळाला. हे मला त्यांनी सांगितलं नाही, कंपनीच्या पेटीवाल्याने सांगितलं. मी शपथ मोडायला निघालो होतो. तातू एवढंच म्हणाले, “दाढयेखाली बरा वाटता. रंग कमी लागता.”

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. माणसाला जे जन्मभर हवं असतं ते समोर आल्यावर तो पाय मागे घेतो, हे मला पटत नव्हतं.

आणि मग उकिडवे स्वतः आले. शेजारच्या किराणा दुकानात त्यांचा फोन आला, की रविवारच्या पुरवणीसाठी सुलोचनाबाईंची मुलाखत घ्यायची आहे. ते आले ते बरोबर जेवायच्या वेळेला. बारीक, उंच, आणि चेहऱ्यावर कुठल्याच गोष्टीची दाद नाही. जेवताना एकदाच बोलले, “सोलकढी उत्तम.” माझ्या अंदाजाने साडेतीन तारे.

पानं उचलल्यावर त्यांनी वही काढली. मी होतो, काकी होत्या, आणि तातूंना येऊ नका म्हणून सांगितलं होतं म्हणून तेही होते, कोपऱ्यातल्या बाकड्यावर, खांद्यावर पंचा टाकून.

“बाई,” उकिडवे म्हणाले, “तो तांदळाचा प्रसंग तुम्हाला कसा सुचला?”

“सुचूचा काय तेच्यात?” काकी म्हणाल्या. “तांदूळ निवडूचे होते, ते निवडल्यानी.”

“वा!” उकिडवे म्हणाले आणि लिहून घेतलं. “पूर्वतयारी?”

“तांदूळ धुवूचे नसतत आदी. निवडून मगे धुवूचे.”

तेही लिहून घेतलं. काकी माझ्याकडे बघत होत्या. रवळनाथ मध्ये नसता तर त्यांनी उकिडव्यांनाही उठवलं असतं. मग उकिडव्यांची नजर कोपऱ्यात गेली. मी म्हणालो, “हे सदानंद रावूळ. दशावतारात स्त्रीपार्टी करतात.”

“अच्छा!” उकिडवे पहिल्यांदाच जरा सरसावून बसले. “मग तुमच्याशी तर बोललंच पाहिजे. बाईचं काम प्रत्यक्ष बाईने केलं की काय फरक पडतो, ते तुमच्याइतकं कुणाला कळणार? पाहिलंत ना यांचं काम?”

मी जमिनीकडे बघू लागलो. फरशीत एक भेग होती, ती थेट मोरीपर्यंत जात होती.

“बघलंय,” तातू म्हणाले.

“मग?”

“बरा आसा. पण एक चूक आसा.”

उकिडव्यांचं पेन थांबलं. माझंही काही तरी थांबलं.

“तांदळातच,” तातू म्हणाले. ते उठून आमच्याजवळ येऊन बसले. त्यांचा आवाज तोच होता, पण बोलणं कुणा दुसऱ्याच्या कामाबद्दल असावं तसं निर्मळ. “खडो गावल्यावर ती तेच्याकडे बघता. थयच चुकला. जी बायल जल्मभर तांदूळ निवडता, ती खड्याकडे बघना नाय. तिची बोटा बघतत. नजर भायर असता, पोरांकडे, आंगणात. हिना बघल्यान. म्हणजे थय घरकामाची सवय दिसाक नाय, थय नाटक दिसला. माका रातची झोप येना नाय त्या एका नजरेपायी.”

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. उकिडवे त्यांच्याकडे बघत राहिले. परीक्षणात त्यांनी ज्या नजरेवर जीव टाकला होता, तीच हा माणूस काढून टाकत होता.

“काय एक चूक नाय,” काकी म्हणाल्या.

त्या इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. आता पुढे आल्या. कपाळावरचं मोठं कुंकू घामाने थोडं फिसकटलं होतं. काकींचे यजमान बोटीवर नोकरीला गेले ते परत आले नव्हते. वारल्याचीही बातमी आली नव्हती. सगळं गाव काकींच्या हातचं जेवायचं, पण त्या घरी गेल्यावर काय करतात, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला कधी पडला नव्हता.

“गो सुलोचना, माका कामातला कळता,” तातू म्हणाले.

“तुका नाटकातला कळता. तांदळातला माका कळता.” काकींचा आवाज चढला होता. “हय खानावळीत माझी पण बोटाच बघतत. कित्या, तर जेवणारे भायर वाट बघतत. घरात तसा नाय. घरात जेवणारा कोण नसला की हात थांबतत, आणि मगे बायल खड्याकडे पण बघता. दुसरा बघूक असता काय? मी बघतंय. रोज बघतंय. ती बघता ताच खरा आसा, तू माका शिकवू नको!”

बाहेर एसटी लागली, कंडक्टर सावंतवाडी सावंतवाडी ओरडू लागला.

“मी थेटरात ता बघलंय,” काकी जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, “आणि माका रडू इला.”

“स्वतःचंच काम बघून?” उकिडव्यांनी विचारलं.

काकींनी तातूंकडे पाहिलं. मग उकिडव्यांकडे.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “माझाच ता.”

तातू खांद्यावरचा पंचा तोंडावरून फिरवत राहिले. घाम पुसायला इतका वेळ लागत नाही.

उकिडवे संध्याकाळच्या गाडीने गेले. जाताना मला म्हणाले, तुमचा चित्रपट फार वाईट आहे, पण माणसं चांगली जमवलीत. त्या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. तातू नाहीत, थिएटरच्या जागी मंगल कार्यालय झालंय, आणि त्यात मी शूटिंगला जातो.

पण तेव्हा, उकिडवे गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी, पुरवणी आली. काकींचा फोटो, चुलीपुढचा, रागावलेला. मी पळतच खानावळीत गेलो. तातू बाकड्यावर होतेच.

“तातू, तुमचं नाव आलंय!”

ते एकदम उभे राहिले. काकी पळी घेऊन बाहेर आल्या. मी वाचलं:

“‘ज्येष्ठ दशावतारी कलावंत सदानंद रावूळ यांना या भूमिकेत एक चूक आढळते. ते प्रामाणिकपणे सांगतात, पण काही गोष्टी पुरुषाला कळणं कठीणच.’”

मी वर बघायला घाबरत होतो. उभ्या जन्मात तातूंबद्दल एवढंच छापून आलं होतं, की त्यांना त्यांचं स्वतःचं काम पसंत नव्हतं. काकी हसू दाबत होत्या, आणि त्यांना ते जमत नव्हतं.

“पुरा नाव आसा?” तातूंनी विचारलं. “सदानंद?”

“पुरं आहे. ज्येष्ठसुद्धा आहे.”

“बरा,” तातू म्हणाले आणि खाली बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “सुलोचना बोलली ता छापल्यान काय?”

“छापलंय.”

“ता वाच.”

मी वाचलं. घरात जेवणारं कुणी नसलं की बाई खड्याकडेही बघते. दुसरं बघायला असतं काय?

“परत.”

मी परत वाचलं. तातू डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी ते माझ्याकडून आणखी एकदा वाचून घेतलं. आपल्या नावाची ओळ मात्र त्यांनी पुन्हा वाचायला सांगितली नाही.

“म्हणजे चूक नव्हती,” ते म्हणाले.

“मी काय सांगतंय मगे?” काकी म्हणाल्या, आणि भात लागेल म्हणून आत गेल्या.